ऑस्करच्या टँकमध्ये जिवंत झाडं: काय टिकलं, काय नाही

ऑस्कर माशाबरोबर जिवंत झाडं टिकत नाहीत असं सगळेच सांगतात, दुकानदार सांगतात, व्हिडिओवाले सांगतात, आणि बऱ्याच घरांत ते खरंही ठरतं. माझ्याकडे मात्र गेलं वर्ष-दीड वर्ष एक फूटभर लांब ऑस्कर आणि बऱ्यापैकी हिरवा टँक दोन्ही एकत्र नांदतायत, म्हणून म्हटलं कसं जमवलं ते एकदा सविस्तर लिहावं. महागडं काही नाही यात, झाडांसाठी वेगळा सीओटू (कार्बन डायऑक्साइड) गॅस नाही, भारीतली लाइट नाही, फक्त झाडं निवडताना आधी माशाकडे बघितलं आणि मग झाडाकडे, एवढंच.

मासा मुळात लेकाचा. अकरावीत असताना घेऊन आला, दोन इंचाचं काळं-केशरी पिल्लू, नाव ठेवलं बंड्या, आणि दुकानात कुणी सांगितलं नाही की हा सुरुवातीला महिन्याला जवळजवळ इंचभर वाढतो, पूर्ण वाढला की तीस-पस्तीस सेंटिमीटर होतो आणि नीट सांभाळला तर दहा-बारा वर्षं आरामात जगतो. लेक इंजिनिअरिंगला पुण्याला गेला आणि बंड्या डोंबिवलीतच राहिला, म्हणजे माझ्या गळ्यात. तोपर्यंत मोठा टँक आला होता, चार फूट बाय दीड बाय दोन, म्हणजे ३४० लिटर, नुसत्या पाण्याचंच वजन ३४० किलो, वर काच आणि दगड वेगळे, त्यामुळे तो हॉलच्या मधे न ठेवता बीमच्या बाजूला भिंतीला लागून ठेवलाय. ज्यांना मोठा टँक घ्यायचाय त्यांनी हे आधी बघा, झाडांचं नंतर.

झाडं हवी होती त्याची कारणं दोन. ऑस्कर खातो भरपूर आणि घाणही तेवढीच करतो, कोळंबीचा तुकडा चावताना निम्मा भुगा कल्ल्यांतून बाहेर येतो, तो कुजून अमोनिया होतो, फिल्टरमधले बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि नायट्रेट पुढे कुठे जात नाही, ते पाणी बदलूनच काढायला लागतं. दर आठवड्याला साधारण तिसरा हिस्सा पाणी बदलूनही माझ्या नायट्रेटच्या टेस्ट किटचा रंग रविवार आला की लिटरमागे ४० मिलिग्रॅमच्या पुढेच दिसायचा. झाडं हे नायट्रेट आणि अमोनिया दोन्ही ओढून घेतात, म्हणजे पाणी बदलणं सुटत नाही पण जरा श्वास घ्यायला मिळतो. दुसरं कारण म्हणजे त्या रिकाम्या काचेच्या पेटीत तो तोंड काचेला लावून वर-खाली वर-खाली करत राहायचा, बघवायचं नाही.

आता इथे एक गोष्ट मला कुणी सांगितली नाही, ती मीच बघून शोधली. ऑस्कर झाडं खातो म्हणून ती टिकत नाहीत असं लोक समजतात. तो झाड खात नाही, निदान खायचं म्हणून उपटत नाही. तो तळ उकरतो. तोंडात वाळू भरून घ्यायची, दोन फूट लांब जाऊन थुंकायची, परत यायचं, असं तासभर. दगड असेल तर डोक्याने ढकलतो. झाड त्याच्या कामात मधे आलं की देठाला धरून बाजूला करतो. म्हणजे आपण जिथे झाड लावतो ती त्याच्या दृष्टीने त्याची जागा असते आणि तो ती परत लावून घेतो. हे कळल्यावर मी झाडं आणायची घाई केली नाही, संध्याकाळी स्वयंपाक झाला की स्टूल घेऊन टँकसमोर बसायचे आणि तो कुठे उकरतो ते बघायचे. डावा कोपरा आणि मधला भाग त्याचा होता, तिथे काचेचा तळ दिसायला लागला होता. उजवीकडे जे एक मोठं लाकूड होतं त्याच्याखाली तो झोपायचा, पण त्या लाकडाला कधी हात (म्हणजे तोंड) लावायचा नाही.

आणि मग वाचताना कळलं की त्याच्या मूळ गावातही असंच आहे. ऑस्कर ॲमेझॉनच्या खोऱ्यातला, पावसात तिथल्या नद्यांचं पाणी काही भागांत दहा मीटर वगैरे चढतं आणि जंगलच्या जंगल पाण्याखाली जातं, तिथे हा संथ पाण्यात बुडालेल्या फांद्यांखाली राहतो. तळाला काय असतं, तर पानांचा खच आणि वाळू. आपण टँकमध्ये जी तळाला हिरवळ आणि मागे झुडपं अशी बाग करतो ती त्याने आयुष्यात बघितलेली नसते. (गंमत म्हणजे १८३१ साली लुई अगासी या निसर्गशास्त्रज्ञाने या माशाचं शास्त्रीय वर्णन पहिल्यांदा केलं तेव्हा त्याला समुद्रातला मासा समजून लोबोटिस नावाच्या समुद्री माशांच्या गटात टाकलं होतं. घर चुकीचं समजण्याची परंपरा जुनीच आहे म्हणायची.)

म्हणून ठरवलं की तळ त्याचा, मी तिथे काही लावणार नाही. माझी झाडं लाकडावर, दगडावर आणि वरून लोंबणारी. या एका निर्णयाने दुकानातली तीन चतुर्थांश झाडं आपोआप बाद झाली. उरलेल्यांत पण बघायचं होतं की पान जाड हवं, शेपटीचा फटका बसला तरी फाटू नये, आमच्याकडे मे महिन्यात टँकचं पाणी ३१-३२ डिग्रीला जातं ते सोसलं पाहिजे, लाइट कमी चालली पाहिजे कारण जास्त लाइट आणि ऑस्करचं नायट्रेट म्हणजे शेवाळाला आमंत्रण, आणि शेवटचं जे फार कुणी विचारात घेत नाही, औषधपाणी सोसलं पाहिजे. माशाला पांढरे ठिपके आले की आपण तापमान चढवतो, मीठ टाकतो, त्यात नाजूक झाडं विरघळून जातात आणि मग कुजणाऱ्या झाडांनी पाणी बिघडतं आणि आजारी मासा आणखी आजारी.

रविवारी सकाळी कुर्ल्याच्या फिश मार्केटला गेले. ज्यांनी बघितलं नाही त्यांनी एकदा जाऊन या, पण लवकर जा, अकरानंतर गर्दीत पाय ठेवायला जागा नसते आणि पिशव्या उन्हात तापलेल्या असतात. एका झाडंवाल्याला सांगितलं ऑस्करसाठी पाहिजे, तर तो माझ्याकडे बघून म्हणाला, “मॅडम, ऑस्कर के साथ प्लांट? प्लास्टिक का लेके जाव, मेरा भी टेन्शन खतम, आपका भी.” माणूस प्रामाणिक होता, धंदा सोडून सल्ला दिला. शेजारचा मात्र लगेच “सब चलेगा” म्हणत लकी बांबू, सिंगोनियम आणि ती जांभळ्या पानांची हेमिग्राफिस पुढे करत होता. ही तिन्ही पाण्यातली झाडं नाहीत हो. मुळं पाण्यात आणि पानं हवेत असली तर जगतात, पण पूर्ण बुडवली की महिना-दोन महिन्यांत सडतात, आणि दुकानात काचेच्या टाकीत बुडवून ठेवलेली असतात म्हणून माणूस फसतो. पान पाण्याबाहेर काढून बघायचं, कडक, ताठ, मेणचट पानाचं झाड देठासकट पाण्याबाहेर स्वतःच्या जोरावर उभं राहत असेल तर दहादा विचारून घ्या. याला अपवाद म्हणजे अनुबियास, त्याचं पान मुळातच कडक.

मी अनुबियासच घेतलं मुख्यत्वे. बारटेरी जातीची मोठी पानं आणि नाना म्हणून त्याचा बुटका प्रकार, दोन्ही. पश्चिम आफ्रिकेतलं झाड, ओढ्याकाठी दगडांना आणि लाकडांना धरून वाढणारं. याचं खोड आडवं असतं, आल्याच्या गड्ड्यासारखं, त्याला रायझोम म्हणतात, त्यातून वर पानं आणि खाली मुळं. हे रायझोम वाळूत पुरायचं नाही, पुरलं की कुजतं, म्हणजे ऑस्करवाल्यांसाठी देवानेच बनवलंय. घेताना रायझोम बोटाने दाबून बघा, टणक असलं पाहिजे, मऊ लागलं किंवा वास आला तर कितीही पानं छान असली तरी ठेवा परत. आणि हे अळूच्याच कुळातलं आहे, अळू कच्चं खाल्लं की घसा खवखवतो ते ज्याच्यामुळे, तेच कॅल्शियम ऑक्झलेट यातही असतं, त्यामुळे माशाने चावून बघितलं तरी थुंकून देतो. बंड्याने अगदी तसंच केलं, एकदा चावलं, थुंकलं, पुन्हा वाटेला गेला नाही.

दुसरं जावा फर्न. हेही रायझोमवालं, दगडावर वाढणारं, आग्नेय आशियातलं, थोड्याफार खारट पाण्यातही जगतं, आणि मासे सहसा याची पानं खात नाहीत. पानाच्या मागे काळे-तपकिरी ठिपके असतात, बरेच जण रोग समजून ते पान तोडतात, ते रोग नसतो, तिथूनच छोटी छोटी रोपं फुटतात. तिसरं थोडं हौसेने बोल्बिटिस घेतलं, आफ्रिकन फर्न, दिसायला फार सुंदर, गडद हिरवं आणि पारदर्शक. आणि प्रयोग म्हणून व्हॅलिसनेरियाची जुडी आणि एक क्रायनमचा कांदा.

घरी आणून थेट टँकमध्ये काही टाकलं नाही. पोटॅशियम परमँगनेटचे दोन-चार कण बादलीभर पाण्यात, पाणी फिकट जांभळं होईल एवढंच, त्यात दहा मिनिटं झाडं बुडवून मग साध्या पाण्याने धुतली, गोगलगायी आणि त्यांची अंडी जायला. झाडं ज्या छोट्या कुंड्यांत आली त्यांतला लोकरीसारखा कापूस चिमट्याने सगळा काढला, तो ऑस्करच्या पोटात गेला तर त्रास.

आता बाल्कनीतला टब. माझ्या मते या सगळ्या खटाटोपात खरं काम या टबाने केलं. झाड दगडाला बांधून लगेच ऑस्करसमोर ठेवलं तर मुळं धरायच्या आधीच तो ते ओढून बघणार, आणि अनुबियास इतकं सावकाश वाढतं की महिन्याला एखादं पान, मुळांना दगड पकडायला दोन-तीन महिने जातात. म्हणून आधी सगळी झाडं दगडा-लाकडांवर लावून बाल्कनीतल्या मोठ्या प्लास्टिक टबात ठेवली, सकाळचं कोवळं ऊन आणि नंतर सावली. साठलेलं पाणी म्हणजे डास आले, आणि आमच्याकडे पावसाळ्यात पालिकेची माणसं डेंग्यूसाठी घरोघर टब-ड्रम तपासत येतात, त्यामुळे टबात गप्पी मासे सोडले. आले तेव्हा त्यातल्या एकाने टॉर्च मारून बघितलं आणि म्हणाला, “काकू, गप्पी आहेत ना, मग राहू द्या.” गप्पींची पुढे इतकी पिल्लं झाली की शेजारणीने सुचवलं की द्या ऑस्करला. देत नाही मी. अशा जिवंत माशांतून रोग येतात आणि मुळात ऑस्करला त्याची गरज नसते, चांगल्या पेलेट्स, अधूनमधून कोळंबी, पावसात गांडूळ मिळालं तर तो दिवाळी करतो.

दगडांचं म्हणाल तर आपल्याकडे काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, फुकट आणि भरपूर. गावाहून येताना नदीतले चपटे, गुळगुळीत, जड असे आणले. फक्त आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडात पुष्कळदा पांढऱ्या स्फटिकांचे खिसे असतात, त्यातले काही कॅल्साइटचे असू शकतात आणि ते पाण्यात हळूहळू विरघळून पाणी जड करतात. व्हिनेगरचे थेंब टाकून बघायचं, फसफसलं तर तो दगड कुंडीत ठेवा, टँकमध्ये नको. लाकूड मात्र दुकानातलंच घेतलं, ते मलेशियन ड्रिफ्टवुड म्हणून मिळतं, जड असतं आणि बुडतं. ड्रममध्ये भिजत ठेवून पाणी चहासारखं होत राहिलं तोवर बदलत राहिले, तरी टँकमध्ये गेल्यावरही थोडा रंग सोडतंच, त्याचं काही वाटून घेऊ नका, ऑस्करला तसलंच पाणी आवडतं. मी तर सोसायटीतल्या देशी बदामाची वाळून पडलेली पानं धुऊन मुद्दाम टाकते, ती उकरायला पण त्याला मजा येते.

चिकटवायचं कसं यावर खूप मतं आहेत. दोऱ्याने बांधा म्हणतात, सुती दोरा मुळं धरायच्या आत कुजतो. तंगूस (मासे पकडायची नायलॉनची दोरी) घेतली तर ती कुजत नाही पण सुटलेलं टोक माशाच्या कल्ल्यात अडकायची भीती, ऑस्कर तर काहीही तोंडात घेतो. केबल टायची कापलेली टोकं धारदार. मी साधं फेविक्विक वापरलं, रायझोमचा तळ आणि दगड फडक्याने टिपून, मधे कापसाचा चिमूटभर बोळा, त्यावर दोन-तीन थेंब, अर्धा मिनिट दाबून धरायचं. पाण्याने ते उलट लवकर घट्ट होतं आणि वाळल्यावर माशांना त्रास देत नाही. तिथे पांढरा डाग राहतो, दोन-तीन महिन्यांत शेवाळ येऊन झाकला जातो. रायझोम सगळं बुडवायचं नाही गोंदात, दोन ठिकाणी टेकवायचं बस. बोटं चिकटली तर ओढू नका, कोमट पाण्यात धरा.

मुळं दगडावर पांढऱ्या दोऱ्यांसारखी पसरलेली दिसली, दगड उचलून झाड धरून हलवलं तरी सुटेना, तेव्हा एका रात्री लाइट बंद करून सगळं एकदम आत ठेवलं. एकेक करून ठेवलं असतं तर प्रत्येक वेळी त्याच्या घराची मोडतोड झाली असती. झाडाचे दगड डाव्या कोपऱ्यात आणि मधे अजिबात ठेवले नाहीत, मागच्या काचेला आणि लाकडाच्या खांद्यांवर. आणि जड दगड थेट तळाच्या काचेवर टेकवले, वाळूवर नाही, कारण वाळूवर ठेवलेला दगड तो खालून पोखरून पाडू शकतो आणि दगड काचेवर आपटला तर ३४० लिटर खालच्या मजल्यावर.

सकाळी बंड्या रुसलेला. ज्यांच्याकडे ऑस्कर आहे त्यांना माहितीय, टँकमध्ये काही बदललं की हे महाराज तळाला जाऊन आडवे पडतात, रंग काळपट, मेला की काय असं वाटतं. नवरा घाबरला, लेकाला व्हिडिओ कॉल केला, लेक म्हणाला आई त्याच्याकडे बघू नकोस, लक्ष दिलं की जास्त करतो. खरंच, कोळंबी दिसल्यावर उठला. मग एकेक झाड तोंडाने तपासून घेतलं, अनुबियासची दोन पानं फाटली, एक छोटा दगड, मुठीएवढा, त्याने झाडासकट उचलून मधे आणून टाकला. तो मी परत नेऊन ठेवला, त्याने परत आणला. शेवटी त्या छोट्या दगडावरचं झाड मोठ्या लाकडाला चिकटवून टाकलं. त्यावरून मी आता मूठभर दगडाच्या भानगडीत पडत नाही, मासा जेवढा लांब निदान तेवढा तरी दगड रुंद हवा.

आता कोण टिकलं ते सांगते. अनुबियास तर विचारूच नका, मे महिना गेला, एकदा पांढरे ठिपके आले म्हणून तापमान ३० ला नेलं आणि मीठ टाकलं, दोन वेळा लाइट गेली, काही फरक नाही, वर पाण्याखाली फूलही दिलं. पांढुरकं, छोटंसं, अळूकुळातलं असतं तसं. जावा फर्न पहिल्या पावसाळ्यात, हिवाळ्यात झकास वाढलं, पण मे महिन्यात पाणी ३१ च्या वर राहायला लागलं तशी पानं काळी पडून पारदर्शक व्हायला लागली. रायझोम हिरवं होतं म्हणून टाकलं नाही, काळी पानं कापली आणि टँकचं झाकण काढून वर टेबलफॅन तिरका लावला, बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन डिग्री उतरतं (पाणी रोज वरून भरायला लागतं तेवढं, आणि ऑस्कर उडी मारतो म्हणून झाकणाच्या जागी जाळी हवीच). जूनमध्ये परत फुटलं. बोल्बिटिस फिल्टरच्या धारेसमोर होतं तोवर बरं चाललं, उन्हाळ्यात मात्र खंगत गेलं आणि गेलं. मुंबई-ठाण्याच्या उन्हाळ्यात त्याच्या नादी लागू नये असं माझं मत, नाशिक-महाबळेश्वरकडे कदाचित जमेल.

व्हॅलिसनेरिया मातीच्या छोट्या कुंड्यांत लावून वरून मोठे गोटे रचले होते. मूळ झाडं वाचली, त्यांची लांब पानं पृष्ठभागावर आडवी पसरून सावली पण देतात, पण हे झाड धावरे, म्हणजे आडवे सरपटणारे फुटवे, सोडतं, ते कुंडीबाहेर वाळूत उतरतात आणि तिथे बंड्या. रोज सकाळी दोन-चार पिल्लं-रोपं तरंगत असायची. ती मी उचलून बाल्कनीच्या टबात लावत गेले, तिथे आता रान माजलंय. क्रायनमचा कांदा कुंडीत दगडांमधे घट्ट बसवला, त्याने आधी सगळी पानं टाकली, जागा बदलली की ते तसंच करतं, मग दोनेक महिन्यांनी पट्ट्यासारखी जाड पानं आली आणि त्यांना मासा काही करू शकत नाही. ज्यांना धीर आहे त्यांनी क्रायनम जरूर घ्या. क्रिप्टोकोरिनी घेऊच नका, हलवलं की वितळणारं झाड आणि सतत हलवणारा मासा. पुण्याच्या एका ओळखीच्यांकडे सहा फुटी टँकमध्ये ऑस्करबरोबर ॲमेझॉन स्वोर्ड मस्त उभी आहेत, पण त्यांनी झाडं वर्षभर आधी वाढवली, मुळांचं जाळं तळभर झालं, मग मासा आणला. ज्यांच्याकडे मासा आधीच आहे त्यांना तो मार्ग नाही. हॉर्नवर्ट, म्हणजे ते सुयांसारखं तरंगणारं, मुळं नसलेलं झाड, नायट्रेट खायला पटाईत आहे, पण बंड्याने त्याचा भुसा केला आणि त्या सुया फिल्टरच्या तोंडाशी अडकून धार बंद, म्हणून काढलं.

आणि ज्याने नायट्रेट खरं खाली आणलं ते झाड तर घरातच होतं, मनी प्लांट. दुकानात कोणी सांगत नाही कारण विकायला काही नसतं त्यात. टँकच्या मागच्या कडेला प्लास्टिकच्या बारीक जाळीच्या टोपल्या अडकवल्या, बाथरूममध्ये साबण-ब्रश ठेवायला मिळतात तसल्या, त्यात मनी प्लांटचे आठ-दहा वेल मुळं पाण्यात आणि पानं सगळी बाहेर अशी ठेवली. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्याला फुकट मिळतो म्हणून पाण्याखालच्या झाडांपेक्षा कितीतरी वेगाने वाढतं आणि तेवढंच नायट्रेट ओढतं. दोन-अडीच महिन्यांनी मुळं टोपलीबाहेर येऊन फूटभर लोंबायला लागली. आधी वाटलं हा ओढेल, टोपलीमुळे वेल काही निघाला नाही, मुळांची टोकं तोडली त्याने थोडी, ती परत आली. आता तर तो दुपारी त्या मुळांच्या खालीच थांबतो, काचेला तोंड लावणं जवळजवळ बंद झालंय. रविवारी टेस्ट केली की २० च्या आसपास रंग येतो, तेवढंच खाणं घालून. मनी प्लांटमध्ये पण तेच अळूवालं ऑक्झलेट आहे, त्यामुळे पानं पाण्यात बुडू द्यायची नाहीत, पिवळं पान लगेच काढायचं.

शेवाळ येतंच, खोटं कशाला बोलू. अनुबियासची पानं सावकाश वाढतात म्हणून त्यांच्या कडांवर ते काळं केसाळ शेवाळ बसतं. लाइट टायमरवर सात तास ठेवली, अनुबियास मनी प्लांटच्या सावलीत सरकवलं, आणि फार झालं तर दगड झाडासकट बाहेर काढून मेडिकलमधलं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड ब्रशने लावून काही मिनिटांनी धुऊन परत ठेवते, शेवाळ आधी लालसर होतं मग पांढरं पडून गळतं. जुन्या पानांना टाचणीएवढी भोकं पडायला लागली तर ती माशाने केलेली नसतात बहुतेक, पोटॅशियम कमी पडतं, माशाच्या घाणीतून नायट्रेट-फॉस्फेट भरपूर मिळतं पण पोटॅशियम तेवढं नाही. झाडांचं लिक्विड खत अर्ध्या डोसने पुरतं. शेवाळ खायला म्हणून सकर मासा मात्र आणू नका. तो मोठा झाला की पानं खरवडतो, स्वतःच फूट-दीड फूट होतो, आणि मग कंटाळून लोक तो तलावात सोडतात, बातम्यांमध्ये हेलिकॉप्टर मासा सापडला म्हणून येतं ना, तो हाच.

झाडांचंही तेच. छाटलेलं व्हॅलिसनेरिया, पिस्टिया, साल्व्हिनिया काहीही नाल्यात किंवा खाडीत टाकू नका, जलपर्णीने आपल्या नद्यांचं काय झालंय ते आपण बघतोच. मी छाटलेलं सगळं गच्चीवर वाळवून कुंड्यांच्या खतात घालते. आणि हो, हौसेपोटी कास पठारावरून वायतुरा वगैरे उपटून आणायची कल्पना कुणाच्या डोक्यात असेल तर कृपा करून काढून टाका, ते झाड आपल्या सह्याद्रीशिवाय कुठे नाही.

पुढे लॅजेनांड्रा लावून बघायचंय, पश्चिम घाटातलंच, पुन्हा अळूकुळातलं आणि पान चांगलं जाड, पण रोपवाटिकेत वाढवलेलं मिळालं तरच घेणार. सध्या टबात जागाच नाही. व्हॅलिसनेरिया एवढं झालंय की गप्पी दिसत नाहीत, डोंबिवली-कल्याणकडे ओळखीपाळखीत कुणाला हवं असेल तर सांगा, पैसे नकोत, पिशवी तेवढी जाड आणा आणि घरी जाऊन परमँगनेटमध्ये बुडवा, गोगलगायी आहेत माझ्याकडे थोड्या.